व्याध सत्तर दिवस कुठे जातो?

१ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांशेजारी ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं रीतसर उद्घाटन झालं. तुतनखामुनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू पहिल्यांदाच एका छताखाली आल्या. बातमीच्या पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर नेहमीचा पूरही आला. रामसेस म्हणजे आपला रामच. 'रा' म्हणजे रवी. त्यांच्याकडे मेलेल्याचं हृदय तराजूत तोलतात, आपल्याकडे चित्रगुप्त हिशेब ठेवतो, म्हणजे दोन्ही एकच. खाली 'अभिमान वाटला तर पुढे पाठवा' हे होतंच.

मला अशा मजकुराचा राग येत नाही, हळहळ वाटते. कारण प्राचीन इजिप्तच्या धर्मकल्पनांचा आणि आपला एक खराखुरा, तपासून पाहता येईल असा संबंध आहे, आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरातच छापलेला असतो. नावांची यमकं जुळवण्याच्या नादात तिकडे कुणी बघत नाही.

आधी एक कसोटी ठरवू. दोन संस्कृतींत सूर्यदेव सापडला, परलोक सापडला, पापपुण्याचा निवाडा सापडला, तर त्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही. सूर्य सगळ्यांनाच उगवताना दिसतो आणि माणसं सगळीकडेच मरतात. दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरं सारखी आली तर परीक्षक काही म्हणत नाही. चुकीचं उत्तर दशांशचिन्हापर्यंत सारखं आलं की मात्र त्याचे डोळे बारीक होतात. संस्कृतींच्या बाबतीत हे काम करतात ते आकडे. जो आकडा निसर्गाने सांगितलेला नाही, ज्याच्या जागी दुसरा कुठलाही चालला असता, तो दोन ठिकाणी तसाच सापडला तर चौकशी करायची.

याचा एक सुंदर नमुना बायबलच्या अभ्यासात आहे. आमेनेमोपे या इजिप्शियन लेखनिकाच्या नावावरचा उपदेश बरोबर तीस प्रकरणांचा आहे. जुन्या करारातल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकात बाविसाव्या अध्यायापासून पुढे त्या उपदेशाशी जवळजवळ ओळीला ओळ जुळणारी वचनं आहेत. पण तिथला एक हिब्रू शब्द शतकानुशतकं भाषांतरकारांना अडत होता. १९२४ साली अडोल्फ एर्मान यांनी इजिप्शियन पपायरस शेजारी ठेवून पाहिला आणि तो शब्द 'तीस' असा वाचला की वाक्य सरळ लागतं, हे दाखवलं: 'मी तुझ्यासाठी तीस वचनं लिहिली नाहीत का?' गरिबाला नाडू नका, हे कुणीही सांगेल. ते तीसच्या हिशेबात सांगायचं, हे कुणाकडून तरी आलेलं असतं.

आता आकाशाकडे वळू. आपल्या गोष्टीत मृग पुढे पळतो आणि व्याध मागून बाण मारतो. मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे तो बाण. नाईलकाठच्या लोकांना याच ताऱ्यांत वेगळंच दिसलं. मृग म्हणजे 'साह', मृतांचा देव ओसायरिस याचं आकाशातलं रूप. मागून येणारा तेजस्वी व्याध म्हणजे 'सोपदेत', त्याची पत्नी आयसिस. आपल्याकडे शिकार, तिकडे नवऱ्यामागोमाग निघालेली बायको. गोष्टी अशा मोकाट असतात, म्हणून मी त्यांच्यावर विसंबत नाही. व्याधाच्या वागण्यातला एक आकडा मात्र मोकाट नाही.

व्याध वर्षभर दिसत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे आपल्याला सूर्य रोज सुमारे एक अंश ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकताना भासतो. म्हणून कुठलाही तारा रोज साधारण चार मिनिटं आधी उगवतो आणि चार मिनिटं आधी मावळतो. उन्हाळ्याच्या शेवटी व्याध सूर्यास्तानंतर पश्चिमेला जेमतेम दिसतो, मग एका संध्याकाळी संधिप्रकाशात बुडतो. सूर्य त्याच्या बाजूने पुढे निघून जातो. काही आठवड्यांनी एका पहाटे, सूर्य उगवण्याच्या थोडं आधी, व्याध पूर्व क्षितिजावर काही मिनिटांसाठी लुकलुकतो आणि उजेडात विरतो. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं जास्त दिसतो. पंचांगात 'शुक्राचा अस्त', 'अगस्तीचा उदय' असं लिहिलेलं असतं ते हेच. रोजचं उगवणं-मावळणं वेगळं आणि सूर्याच्या तेजात हरवून परत येणं वेगळं.

हरवण्याचा काळ किती, हे तीन गोष्टींवर ठरतं: ताऱ्याचं तेज, सूर्याच्या वाटेपासून त्याचं अंतर आणि बघणाऱ्याचा अक्षांश. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, त्यामुळे तो लवकर सुटायला हवा. पण तो सूर्यमार्गाच्या बराच दक्षिणेला, जवळपास ४० अंश खाली आहे. त्यामुळे उत्तरेकडून पाहणाऱ्याला तो सूर्यामागोमाग लवकर मावळतो आणि पहाटे उशिरा उगवतो. उत्तरेला जाल तसा वनवास लांबतो. पहाटेच्या पहिल्या दर्शनात दर अंशामागे साधारण एका दिवसाचा फरक पडतो. मेम्फिस हे जुनं राजधानीचं शहर ३० अंश उत्तरेला. तिथून व्याध सुमारे सत्तर दिवस दिसेनासा होतो.

आणि परत कधी येतो? पाच हजार वर्षांपूर्वी ही पहाट जूनअखेरीस, दक्षिणायन सुरू होताना यायची. नेमका तेव्हाच नाईलचा पूर चढू लागायचा. इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, तो निळ्या नाईलमधून इजिप्तच्या वाळवंटात उतरायचा. इजिप्तमध्ये पावसाचा थेंब नाही, आभाळ स्वच्छ. आणि तारा परत आला की पाणी येतं! १९७० साली आस्वानचं मोठं धरण पुरं झालं आणि तो पूर खाली इजिप्तपर्यंत पोहोचायचा थांबला.

आपल्या शेतकऱ्याचं 'मृग लागला' हे म्हणणंही याच दिवसांतलं, पण नेमकं उलट्या बाजूने आहे. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणजे मृग तेव्हा दिसतच नसतो. आपण हरवलेल्या नक्षत्राच्या नावाने पाऊस मोजतो आणि ते परत सापडलेल्या ताऱ्याच्या नावाने पूर मोजायचे. आपल्याकडे जुलैच्या पहाटे क्षितिजावर तारा शोधायचा म्हटलं तरी ढगांशिवाय काही हाती लागणार नाही.

सत्तर दिवस नाहीसा झालेला तारा इजिप्शियनांच्या लेखी मेलेला होता. तो 'दुआत'मध्ये, मृतांच्या लोकात गेला. तिथे त्याची शुद्धी झाली आणि मग तो पुन्हा जन्मला. 'नूतचा ग्रंथ' म्हणून ओळखला जाणारा मजकूर इजिप्तमधल्या अबायडोस इथे पहिला सेती या राजाच्या स्मारकाच्या छतावर कोरलेला आहे. आकाशदेवी नूत कमान करून वाकलेली आहे आणि तिच्या अंगावर ताऱ्यांचं वेळापत्रक लिहिलेलं आहे. त्यात प्रत्येक ताऱ्याच्या आयुष्याचा हिशेब येतो. जन्मल्यावर ८० दिवस पूर्वेकडे, १२० दिवस रात्रीचे तास दाखवायचं 'काम', ९० दिवस पश्चिमेकडे आणि ७० दिवस दुआतमध्ये. एकूण ३६०.

आता ममीकडे बघा. प्रेत तयार करायला सत्तर दिवस लागतात असं इजिप्शियन मानत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही हाच आकडा दिला आहे. बायबलच्या 'उत्पत्ती'च्या पन्नासाव्या अध्यायात याकोब इजिप्तमध्ये मरतो तेव्हा त्याच्या देहावरच्या संस्काराला चाळीस दिवस लागतात आणि इजिप्शियन लोक त्याच्यासाठी सत्तर दिवस शोक करतात. चाळीस आणि सत्तर, दोन्ही आकडे ओळखीचे आहेत. इजिप्तमधल्या वादी नत्रून खोऱ्याच्या क्षारात, नॅट्रॉनमध्ये, देह सुकवायला पाचसहा आठवडे पुरतात. १९९४ साली बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड या अमेरिकी संशोधकांनी दान मिळालेल्या देहावर जुन्या पद्धतीने प्रयोग केला तेव्हा ३५ दिवसांत काम झालं. मग उरलेला महिना कशाला? तेल, पट्ट्या, मंत्र, हे सगळं असणारच. पण बेरीज सत्तर व्हायलाच हवी, हा आग्रह आकाशातून आलेला दिसतो. राजा व्याधासारखा मरतो, तर त्याने परतही व्याधाच्या मुदतीत यायला हवं.

इथून पुढे गणित वाढतं. माझा सगळ्यात आवडता भाग इथेच आहे, त्यामुळे थोडं सोसा.

व्याधासारखे आणखी तारे निवडले तर? इजिप्शियनांचा आठवडा दहा दिवसांचा होता. त्यांनी व्याधासकट ३६ तारे किंवा तारकागट असे निवडले की दर दहा दिवसांनी एक नवा गट पहाटे पहिल्यांदा उगवावा. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० दिवस. ग्रीकांनी पुढे यांना 'डेकान' म्हटलं. प्रत्येक गट ७० दिवस मेलेला, म्हणजे कुठल्याही वेळी ७ गट दुआतमध्ये आणि २९ आकाशात. इ.स.पू. २१००च्या आसपासच्या लाकडी शवपेट्यांच्या झाकणांवर, विशेषतः असयूत गावच्या, याचे तक्ते रंगवलेले सापडतात. उभे रकाने दहा-दहा दिवसांचे, आडव्या ओळी रात्रीच्या तासांच्या. या दहा दिवसांत जो गट बाराव्या ओळीत, तो पुढच्या रकान्यात अकराव्या, मग दहाव्या. एकच नाव झाकणावर तिरकं चढत जातं. आत झोपलेल्या माणसाने डोळे उघडले तर रात्र किती उरली हे त्याला कळावं, ही सोय.

पण ओळी बाराच का? पृथ्वीच्या एका फेऱ्यात ३६ गट उगवतात, म्हणजे सरासरी ४० मिनिटांना एक. बारा तासांची रात्र धरली तर १८ गट उगवायला हवेत. गणिताच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक ऑटो नॉयगेबाउअर यांनी याचा उलगडा केला. तक्त्याचा आधार व्याध, आणि व्याध पहाटे पहिल्यांदा उगवतो तिकडच्या उन्हाळ्यात, जेव्हा रात्र सर्वांत लहान असते. इजिप्तमध्ये तेव्हा रात्र जेमतेम दहा तासांची. तिच्यातून संध्याकाळचा आणि पहाटेचा संधिप्रकाश, प्रत्येकी साधारण तासभर, वजा करा. कारण क्षितिजावरचा तारा दिसायला पुरेसा अंधार लागतो. उरले आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. भागिले ४० म्हणजे १२.

म्हणजे घड्याळाच्या तबकडीवरचे बारा आकडे म्हणजे नाईलकाठच्या उन्हाळी रात्रीच्या गडद भागात उगवणाऱ्या तारकागटांची संख्या. हिवाळ्यात रात्र लांबायची, जास्त गट उगवायचे, तरी तक्त्यातल्या ओळी बाराच राहिल्या. एकदा आकडा धर्मात शिरला की तो हलत नाही.

आणि तो शिरला खोलवर. इ.स.पू. पंधराव्या शतकात तिसरा थुतमोस या राजाच्या थडग्याच्या भिंतींवर 'आमदुआत' चितारलेला आहे, मावळलेल्या सूर्याचा पाताळातला रात्रभराचा प्रवास. हा प्रवास बरोबर बारा तासांचा आहे. चौथ्या-पाचव्या तासात पाणी संपतं आणि सूर्यदेव रा याची नाव वाळूवरून ओढावी लागते. सहाव्या तासात, अगदी तळाशी, सूर्य ओसायरिसच्या देहाशी एकरूप होतो. सातव्यात आपोफिस नावाचा महासर्प वाट अडवतो, त्याला मंत्राने बांधतात. बाराव्यात सगळी नाव एका प्रचंड सापाच्या शेपटीतून शिरून तोंडातून बाहेर पडते आणि म्हातारा सूर्य शेणकिड्याच्या रूपात, खेप्री होऊन, पूर्वेला वर येतो. पाताळाची गोष्ट सगळ्या संस्कृतींत असते. तिचे बारा समान हप्ते पाडायला आधी झाकणावरचा तक्ता लागतो.

रात्रीचे बारा झाल्यावर दिवसालाही बारा आले. पहिल्या सेतीच्या त्याच स्मारकात सावलीच्या घड्याळाची माहिती आहे: उन्हाचे दहा तास, शिवाय एक पहाटेचा, एक सांजेचा. हे तास ऋतूनुसार लहानमोठे व्हायचे. समान २४ तास ग्रीक खगोलज्ञांनी केले आणि तासाची साठ मिनिटं बाबिलोनच्या साठच्या गणनेतून आली.

सिकंदरानंतर अलेक्झांड्रियात हे सगळे प्रवाह एकत्र आले. देंदेरा इथल्या हाथोर देवीच्या मंदिराचं इ.स.पू. ५०च्या सुमाराचं वर्तुळाकार राशीचक्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात बाबिलोनच्या बारा राशी आहेत आणि कडेने इजिप्तचे छत्तीस डेकान चालताहेत. प्रत्येक राशीला तीन. आता त्यात ग्रहांची भर पडली आणि फलज्योतिष नावाचं यंत्र जुळलं. त्या यंत्रातून बाहेर पडलेली एक गोष्ट आपण सगळे रोज वापरतो, पत्रिकेवर विश्वास असो वा नसो: वारांचा क्रम.

रविवारनंतर सोमवारच का? ग्रह आकाशात कुठल्याच हिशेबाने रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या क्रमाने लागत नाहीत. ग्रीकांचा क्रम होता मंदगतीकडून शीघ्रगतीकडे: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. आता दिवसाच्या प्रत्येक तासाला या क्रमाने एकेक स्वामी द्या. शनिवारचा पहिला तास शनीचा. सातांचं चक्र तीनदा फिरलं की २१ तास झाले. बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दुसऱ्या दिवशीचा पहिला तास रवीचा, म्हणून तो रविवार. तिथून पुन्हा तीन घरं पुढे जा: चंद्र. पुन्हा तीन: मंगळ. आठवडा तयार. तिसऱ्या शतकातला रोमन इतिहासकार दिओ कासिअस हीच रीत सांगतो आणि ती इजिप्शियनांची म्हणून सांगतो. आपल्याकडे पंचांगवाले 'आ मंदात् शीघ्रपर्यंतं होरेशाः' म्हणतात ते हेच: मंद शनीपासून शीघ्र चंद्रापर्यंत होरांचे, म्हणजे तासांचे, स्वामी. आर्यभटानेही, पहिला धरून मोजलं तर दर चौथा ग्रह दिवसाचा स्वामी, असं सूत्र दिलं आहे.

'मग सूत्र आपल्याच ग्रंथांत आहे की!' असा आवाज इथे नेहमी उठतो. म्हणून कसोटी लावू. ही रीत चालण्यासाठी दिवसाच्या भागांना सातने भागून बाकी तीन उरायला हवी: १०, १७, २४, ३१ वगैरे. आपली जुनी दिनविभागणी काय होती? तीस मुहूर्त किंवा साठ घटी. तीसला सातने भागून बाकी दोन. मग शनिवारनंतर मंगळवार येईल, त्यानंतर शुक्रवार, मग सोमवार. साठला बाकी चार. चार घरं पुढे जात गेलं की शनिवारनंतर शुक्रवार, मग गुरुवार, मग बुधवार. आठवडा चक्क उलटा चालतो! चाणाक्ष वाचक म्हणेल, ग्रह उलटे, चंद्राकडून शनीकडे मोजले तर साठ घटींनी सुलटा आठवडा मिळेल. मिळतो, मी करून पाहिलंय. पण सूर्यसिद्धांत काय किंवा पंचांग काय, स्वामी सांगतात ते होरांचे, आणि शनीकडून चंद्राकडेच. होरा चोवीस. चोवीस आले बारांतून, बारा आले उन्हाळी रात्रीतून. सोमवार रविवारनंतर येतो याच्या मुळाशी व्याध तारा आहे.

पुराव्याची दुसरी बाजू दगडावर आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतले सातवाहन राजांचे लेख पाहा. तारीख कशी लिहिली आहे? राज्यवर्ष, उन्हाळ्या-पावसाळ्या-हिवाळ्यातला कितवा पंधरवडा, आणि दिवस. वार नाही. वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना भारतीय लेख म्हणून ओळखला जातो तो मध्य प्रदेशातल्या एरणचा, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. ४८४चा: आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. मधल्या शतकांत भारताचा पश्चिम किनारा आणि लाल समुद्र यांच्यात गलबतांची वर्दळ होती. कल्याण, सोपारा, चौल ही नावं तेव्हाच्या ग्रीक दर्यावर्दी टिपणांत येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचे लेख आहेत. दुसऱ्या टोकाला, लाल समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्शियन बंदरात, सेरापिस देवाच्या मंदिराच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी सापडली. मिरी ज्या वाटेने गेली, त्या वाटेने तारे उलट दिशेला येऊ शकतात.

डेकानही आले. 'द्रेष्काण' या नावाने ते आजही पत्रिकेत आहेत: प्रत्येक राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग, एकूण छत्तीस. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने प्रत्येक द्रेष्काणाचं चित्र शब्दांत उभं केलं. मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणजे कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, काळा, उगारलेला परशू धरलेला, लाल डोळ्यांचा पुरुष. ही चित्रं पुढे पश्चिमेकडे निघाली. नवव्या शतकात बगदादच्या अबू माशर या ज्योतिष्याने ती 'भारतीयांच्या मते' म्हणून नोंदवली, त्याच्या ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली, आणि १४७०च्या सुमारास इटलीतल्या फेरारा शहरात स्किफानोया महालाच्या भिंतीवर मेषेच्या पट्ट्यात पांढऱ्या फाटक्या कपड्यातला एक काळा माणूस रंगवला गेला. हा कोण, हे कुणालाच कळेना. १९१२ साली आबी वारबुर्ग या जर्मन कला-इतिहासकाराने रोममधल्या व्याख्यानात त्याची ओळख पटवली. इजिप्तच्या शवपेटीवरून निघालेला तारा उज्जैनला वेश बदलून युरोपात परतला होता.

या एवढ्या लांबच्या प्रवासाचं आजचं फळ म्हणजे मोबाइलवरची 'शुभ होरा' सांगणारी अॅप्स. शुक्राच्या होरेत गाडी घ्या, शनीच्या होरेत करारावर सही नको. मेलेल्या माणसाला अंधारात वेळ कळावी म्हणून केलेला तक्ता जिवंत माणसांच्या सह्या अडवतोय. दुसऱ्या टोकाला पिरॅमिड मृगाच्या ताऱ्यांवर बेतलेत म्हणून परग्रहवासी शोधणारी मंडळी आहेत. त्यांना व्याधाचे सत्तर दिवस सांगून पाहा, कंटाळतात.

एक आकडा राहिला, पाच. छत्तीस गुणिले दहा ३६० होतात, वर्ष ३६५ दिवसांचं. ग्रीक लेखक प्लुटार्कने कथा दिली आहे: नूतला वर्षातल्या कुठल्याही दिवशी मूल होणार नाही असा शाप मिळाला. थोथ देव चंद्राशी सोंगट्या खेळला, त्याच्या उजेडाचा थोडा थोडा वाटा जिंकला आणि त्यातून वर्षाबाहेरचे पाच दिवस घडवले. त्या दिवशी ओसायरिस, होरस, सेत, आयसिस आणि नेफ्थिस जन्मले. इजिप्तचं वर्ष म्हणजे तीस दिवसांचे बारा महिने अधिक हे पाच दिवस. लीप दिवस नाही. त्यामुळे ते दर चार वर्षांनी ऋतूंच्या हिशेबात एक दिवस लवकर सुरू व्हायचं आणि व्याधाचा उदय पुन्हा त्याच तारखेला यायला १,४६० वर्षं लागायची. इ.स.पू. २३८ मध्ये इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने दर चौथ्या वर्षी सहावा दिवस घालायचा हुकूम काढला. तो पाळला गेला नाही. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात अखेर तो बसला, आणि त्या दुरुस्त पंचांगावर इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आजही चालतात. त्यांच्या महिन्यांत तूत म्हणजे थोथ आणि हातूर म्हणजे हाथोर अजून आहेत.

दुरुस्ती न झालेलं पंचांगही जिवंत आहे, मुंबईत. इ.स.पू. ५२५ मध्ये इराणचा राजा कंबुजिया याने इजिप्त जिंकल्यावर इराण्यांनी तिथला ३६५ दिवसांचा साचा उचलला, असं अनेक अभ्यासक मानतात. पारशांचं शहेनशाही पंचांग पाहा: तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच गाथांचे पाच दिवस, लीप दिवस नाही. त्या शेवटच्या दिवसांत मुक्ताद असतो, पितरांच्या फ्रवशी, म्हणजे आत्मे, घरी येतात. साचा उचलला, देव मात्र आपले बसवले. म्हणूनच आपण ज्याला सरसकट पतेती म्हणतो, तो पारशी नववर्षदिन सरकत राहतो. २०२० ते २०२३ तो १६ ऑगस्टला होता, २०२४च्या लीप दिवसानंतर १५ ऑगस्टला आला. २०२८च्या फेब्रुवारीत पुन्हा एकोणतीस तारीख येईल आणि त्या वर्षी नवरोज १४ ऑगस्टला असेल.